जनुकांचे कवच आणि तंबाखूचा घाला

पुणे - ‘आजोबांनी जन्मभर तंबाखू खाल्ला, त्यांना कुठे काय झाले?’ हा युक्तिवाद पेठांतील वाड्यांपासून हिंजवडीच्या टपऱ्यांपर्यंत ऐकू येतो. त्यात थोडे तथ्य आहे आणि फसगत मोठी आहे.

तंबाखूतील अनेक रसायने शरीरातील काही विकरांमुळेच अधिक घातक होतात आणि पेशींतील डीएनएला चिकटतात. त्यांना निष्प्रभ करून शरीराबाहेर घालविण्याचे काम ‘ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज’ गटातील विकरे करतात. ही विकरे घडविणारी जनुके सर्वांत सारखी नसतात. ‘जीएसटीएम१’ हे जनुक तर कित्येकांना आई-वडील दोघांकडूनही मिळत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरमधील संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा व्यक्तींना मुखकर्करोगाचा धोका सुमारे तिप्पट आढळला.

मात्र युरोपीय वंशाच्या जवळपास निम्म्या लोकांत हे जनुक नसते. भारतीयांत हे प्रमाण त्याहून कमी आहे. तरीही मुखकर्करोगाचा भार भारतावर कितीतरी अधिक आहे. त्याचे प्रमुख कारण तंबाखू, गुटखा आणि सुपारी चघळण्याची सवय. महाराष्ट्रात त्यात मिश्रीची भर पडते. दात घासण्याच्या निमित्ताने ती स्त्रियांच्याही तोंडात जाते. तंबाखू भाजताना बेंझोपायरिनसारखी द्रव्ये तयार होतात आणि नेमक्या अशाच द्रव्यांचा निचरा करण्यात ‘जीएसटीएम१’चा वाटा असतो. एकाच घरात हा रोग अनेकांना झाला, की ‘आनुवंशिक’ म्हटले जाते. पण जनुकांबरोबर मिश्रीची डबीही पुढच्या पिढीकडे जातेच.

आजोबांचा दाखला इथेच लंगडा पडतो. नातवाकडे त्यांची सरासरी पाव हिस्साच जनुके येतात. त्यांना लाभलेले कवच त्यात असेलच असे नाही. शिवाय धोका ठरविणारे हे एकच जनुक नव्हे. ते असलेल्यांनाही कर्करोग होतो. म्हणून केवळ या जनुकाच्या चाचणीवरून कोणाला निर्धास्त करता येत नाही, आणि सर्वसामान्यांसाठी तशी चाचणी सुचविलीही जात नाही.

त्यापेक्षा आरशासमोर तोंड उघडून पाहणे उपयुक्त. पांढरा वा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड पूर्ण न उघडणे, मानेत गाठ, बसलेला आवाज यांपैकी काहीही आढळल्यास दंतवैद्य अथवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. तंबाखू सोडल्यास धोका वर्षागणिक घटत जातो, मग जनुके कोणतीही असोत.