ॲस्बेस्टॉसजन्य आजार : नुकसानभरपाईचा दावा

ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासावाटे शरीरात जाऊन आजार झालेल्या कामगाराने किंवा त्याच्या वारसांनी मालकाकडून अथवा विमा योजनेकडून कायद्याने मागितलेली भरपाई. या आजारांत ॲस्बेस्टोसिस (फुप्फुसात वण पडून ते ताठर होणे), फुप्फुसाचा कर्करोग आणि मुख्यतः फुप्फुसावरणाला होणारा मेसोथेलिओमा हा कर्करोग हे प्रमुख होत. सिमेंटचे पत्रे व पाइप, ब्रेकची अस्तरे, बॉयलरवरची वेष्टणे बनवणाऱ्या किंवा काढणाऱ्या कामगारांना त्यांचा धोका असतो. तंतू शरीरात गेल्यापासून आजार दिसेपर्यंत बहुधा 20 ते 40 वर्षे जातात, आणि दाव्यातील बहुतेक अडचणी या विलंबातूनच उभ्या राहतात.

भारतात अशा दाव्यांचा मुख्य आधार 1923 चा कामगार नुकसानभरपाई कायदा होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 हिने घेतली. जुन्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत ॲस्बेस्टोसिसचा समावेश होता. अनुसूचीतला आजार कामामुळे जडला, तर तो कामावरचा अपघातच मानला जाई. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या 50 टक्के आणि कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास 60 टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या अंकाने गुणून भरपाई काढली जाई. कामगाराने अनेक मालकांकडे काम केले असल्यास प्रत्येकाचा वाटा ठरवण्याचा अधिकार भरपाईचे दावे निकालात काढणाऱ्या आयुक्तांना होता.

यंत्रात हात सापडला तर तारीख, वेळ आणि साक्षीदार त्याच दिवशी नक्की होतात. धुळीच्या आजाराला असा दिवस नसतो, म्हणून कायद्याने तो मानून घेतला : नोकरीत असलेल्या कामगारासाठी आजारामुळे सलग गैरहजेरी सुरू झाली तो पहिला दिवस. नोकरी सुटल्यावर दोन वर्षांच्या आत लक्षणे उमटली, तर ती प्रथम आढळली तो दिवस. दावा दाखल करण्याची मुदतही दोन वर्षांचीच होती. 58 व्या वर्षी निवृत्त होऊन सत्तरीत धाप लागू लागलेला माणूस या चौकटीत बसत नव्हता. पुरेसे कारण दाखवल्यास उशीर माफ करण्याची मुभा आयुक्तांना होती. पण ज्या आजाराचे स्वरूपच उशिरा प्रकटण्याचे आहे, त्याच्या रुग्णाला उशिराबद्दल माफी मागायला लावणे अन्यायाचे होते.

दुसरी अडचण निदानाची. खोकला, धाप आणि छातीच्या क्ष-किरण चित्रातल्या छाया पाहून पुष्कळदा क्षयरोगाची औषधे सुरू होतात आणि रुग्ण पूर्वी काय काम करत होता हे विचारलेच जात नाही. कारखाना अधिनियम, 1948 प्रमाणे ॲस्बेस्टोसिसची खबर देणे कारखान्याच्या व्यवस्थापकावर आणि निदान करणाऱ्या डॉक्टरवर बंधनकारक होते. मुंबईतील एका ॲस्बेस्टॉस कारखान्यातील 181 कामगारांची तपासणी 2005 साली प्रसिद्ध झाली. तीत 41 जणांना ॲस्बेस्टोसिस आढळला. म्हणजे जिथे नीट शोध घेतला जातो, तिथे हे रुग्ण सापडतात.

तिसरी अडचण पुराव्याची. वेतनचिठ्ठी, भविष्य निर्वाह निधीची पावती, राज्य विम्याचे कार्ड यांवरून नोकरी सिद्ध होते. पण कामगार ॲस्बेस्टॉसची पोती हाताने फोडून यंत्रात ओतत होता की कचेरीत बसत होता, हे त्यांतून कळत नाही. कंत्राटी कामगाराचे नाव तर पुष्कळदा हजेरीपटावरच नसते.

याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाचा 27 जानेवारी 1995 चा निकाल महत्त्वाचा आहे. अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरने केलेल्या याचिकेवर न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या अनुच्छेद 21 खालील हक्क ठरवला. नोकरी सुरू झाल्यापासून 40 वर्षे किंवा निवृत्तीनंतर 15 वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत आरोग्य नोंदी जपण्याचा आदेश उद्योगांना दिला. गुजरातमधील संबंधित कामगारांची राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेकडून फेरतपासणी करावी आणि आजार प्रमाणित झाल्यास प्रत्येकाला तीन महिन्यांत एक लाख रुपये द्यावेत, असेही सांगितले. रकमेपेक्षा नोंदींचा आदेश अधिक दूरदर्शी होता, कारण आजाराच्या दीर्घ विलंबाशी मेळ घालणारा तोच भाग आहे.

राज्य कामगार विमा योजनेत असलेल्या कामगाराला अपंगत्वाचा लाभ योजनेकडून मिळतो. त्याच हानीसाठी मालकाकडे वेगळी भरपाई मागता येत नाही.

ब्रिटनमध्ये न्यायालयांनी पुराव्याचा भार बराच हलका केला. 2002 च्या फेअरचाइल्ड खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवले, की अनेक मालकांपैकी नेमक्या कोणाच्या तंतूने मेसोथेलिओमा झाला हे सिद्ध करता आले नाही, तरी धोका लक्षणीयरीत्या वाढवणारा प्रत्येक मालक जबाबदार ठरू शकतो. लीड्समधील एका कारखान्याशेजारी लहानपणी खेळलेल्या रहिवाशांनाही तेथे 1990 च्या दशकात भरपाई मिळाली. भारतातील 1923 चा कायदा मात्र केवळ कामगारापुरता होता. धुळीने माखलेले कपडे घरी धुताना आजारी पडलेल्या पत्नीला स्वतःच्या आजारासाठी त्या कायद्याखाली दावा करता येत नव्हता.