निरुद्ध : लसाविचे जुने नाव

लहानपणी संध्याकाळी वडील आम्हा भावंडांकडून पाढे म्हणून घेत. एकाने सहाचा म्हणायचा, दुसऱ्याने आठचा, आणि दोघांच्याही पाढ्यात येणारी पहिली संख्या सांगायची. सहा चोक चोवीस, आठ त्रिक चोवीस! हाच लघुतम साधारण विभाज्य, म्हणजे लसावि, हे पुढे शाळेत कळले. त्याचे जुने नाव मात्र शाळेत कोणी सांगितले नाही.

ते नाव ‘निरुद्ध’. इ. स. ८५० च्या सुमारास जैन गणिती महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यातल्या ‘कलासवर्ण’ या अपूर्णांकांच्या प्रकरणात निरुद्धाची रीत आहे. एक षष्ठांश आणि एक अष्टमांश यांची बेरीज करायची, तर छेदांचा सरळ गुणाकार करून अठ्ठेचाळीस हा छेद घेता येतो. उत्तर येते चौदा अठ्ठेचाळीसांश, आणि मग त्याला संक्षेप द्यावा लागतो. महावीराचार्य सांगतात, छेदांचा सामाईक अवयव काढा आणि त्याला उरलेल्या भागाकारांनी गुणा. सहा आणि आठ यांचा सामाईक अवयव दोन. भागाकार उरले तीन आणि चार. दोन गुणिले तीन गुणिले चार, चोवीस. उत्तर एकदम सात चोविसांश. भारतीय गणितात ही रीत प्रथम त्यांच्याच ग्रंथात आढळते, असे इतिहासकार मानतात.

ग्रंथारंभी त्यांनी राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाची स्तुती केली आहे. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातले आणि आज कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड. अकराव्या शतकात पावुलूरि मल्लनाने हा ग्रंथ तेलुगूत आणला. १९१२ साली मद्रासला एम. रंगाचार्यांनी तो इंग्रजी भाषांतरासह छापला.

मी जैन आहे, म्हणून आमच्या आचार्यांची थोरवी गाण्यासाठी हे सांगत नाही. आपण संख्याज्ञानाच्या सागरातून थोडे सार वेचले, एवढेच ते स्वतः म्हणतात. सांगायचे ते वेगळे आहे. आपण पिढ्यान्‌पिढ्या कानडी, तेलुगू शेजारात राहिलो. आपली नातवंडे आता पाढे इंग्रजीत म्हणतात, आणि आपले काही उरेल का, ही धास्ती घरोघरी आहे. ती मलाही आहे. अशा वेळी मला निरुद्ध आठवतो. चोवीसपर्यंत येताना सहाला आपला पाढा सोडावा लागत नाही, आठलाही नाही. मात्र दोघांनाही आपापला पाढा तिथवर म्हणावा लागतो. तेव्हा आज घरी गेल्यावर नातवंडांना जवळ घ्या आणि सहाचा पाढा मराठीत म्हणायला लावा. आठचा आपण म्हणा.