शाळा बंद, मग मूल कुठे?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, साथीत मुलांना घरात कोंडणं योग्य की अयोग्य? मी म्हणेन, आधी ते घर बघा.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झात अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या शहरांनी शाळा बंद केल्या. न्यूयॉर्कचे आरोग्य आयुक्त रॉयल कोपलंड यांनी मात्र त्या चालू ठेवल्या. टीका झालीच. पण त्यांचा हिशोब ऐका. शहरात जवळपास १० लाख शाळकरी मुलं. त्यांतली सुमारे साडेसात लाख दाटीवाटीच्या, कोंदट इमारतींत राहणारी. आपली चाळीतली खोली डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कळेल. शाळेत निदान हवा होती, उजेड होता, आणि मुलांवर नजर ठेवणारे शिक्षक, डॉक्टर, नर्स होते. लक्षणं दिसली की त्या मुलाला लगेच वेगळं काढत. म्हणजे विलगीकरण होतंच, फक्त आजारी मुलाचं.

हे जमलं, कारण डॉ. सारा जोसेफिन बेकर यांचा बालआरोग्य विभाग तिथे १९०८ पासून उभा होता. हे आपण विसरतो. जिथे नर्सच नाही, त्या शाळेला कोपलंड यांचा निर्णय उसना घेता येणार नाही.

मला तो हिशोब पटतो. इतिहासकारांत मात्र वाद आहे. कोपलंड यांनी दुकानं-कचेऱ्यांच्या वेळाही पुढेमागे केल्या होत्या, त्यामुळे श्रेय नेमकं कशाला द्यायचं, हे सांगणं कठीण.