घरची शाळा आणि आमचं केम

परवा पुण्यातल्या एका मित्राचा फोन आला. मुलीला शाळेतून काढून घरीच शिकवायचं ठरवलंय म्हणाला. "आपल्याकडं परंपराच आहे रे, सावित्रीबाई कुठं शाळेत गेल्या?" तेव्हा काही सुचलं नाही, म्हणून आता लिहितोय.

त्याचं म्हणणं खोटं नाही. सावित्रीबाईंना अक्षरओळख जोतीरावांनी घरीच करून दिली. पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवलं आईनं, लक्ष्मीबाईंनी. आणि आईला शिकवलं होतं वडलांनी, अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी. रमाबाई रानडे 1873 साली अकराव्या वर्षी लग्न होऊन आल्या. न्यायमूर्ती त्यांना घरीच शिकवायचे, आणि घरातल्या मोठ्या बायका त्यावरून दिवसभर टोमणे मारायच्या. म्हणजे घरी शिकणं हेसुद्धा सोपं नव्हतंच.

पण या तिघींनी पुढं काय केलं ते बघा. सावित्रीबाईंनी 1848 ला भिडेवाड्यात शिकवायला सुरुवात केली. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, तेही मुख्यतः विधवांसाठी. (कुंकवाच्या गावचा असल्यानं हे मला जरा जास्तच लागतं. ज्यांना कुंकू लावायची बंदी, त्यांच्यासाठी ती शाळा होती.) रमाबाई रानड्यांनी 1909 ला पुण्यात सेवासदन उभं केलं. स्वतः घरी शिकलेल्या या बाया. पण 'आपापल्या पोरी घरीच शिकवा' असं सांगत बसल्या नाहीत, शाळा काढल्या. कारण प्रत्येक घरात जोतीराव नसतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? जोतीरावांनी स्वतः 1882 मध्ये हंटर आयोगापुढं मागणी केली ती बारा वर्षांपर्यंत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची.

आता आमच्या केमचं सांगतो. करमाळा तालुका, रेल्वे स्टेशन असलेलं गाव, कुंकवासाठी नावाजलेलं. माझी आई कुंकवाच्या कारखान्यात पुड्या भरायची. संध्याकाळी घरी यायची तेव्हा हात कोपरापर्यंत लाल. तिला सहीपुरतं लिहिता येतं. ती मला काय शिकवणार होती? पुड्या भरायला शिकवलं असतं, आणि मी आज तेच करत असतो. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये सगळ्यांचंच घर शाळा झालं. आमच्या गल्लीत एका घरात तीन पोरं नि मोबाईल एक, तोही बाप कामावरून आल्यावर मिळायचा. धाकटी त्या काळात वाचायचं विसरली ती विसरलीच. शाळा उघडल्यावर बाईंनी तिला पुन्हा बाराखडीपासून धरलं.

मित्राच्या घरी दोघंही शिकलेले, कपाटं भरून पुस्तकं, बायको दिवसभर घरी. मुक्त विद्यालयातून परीक्षाही देता येते. त्यानं जरूर शिकवावं, मुलगी हुशार होईल. फक्त त्यासाठी सावित्रीबाईंचं नाव घेऊ नये. आणि आमच्याकडं पट कमी म्हणून वस्तीवरची शाळा बंद करायची भाषा निघाली, की 'हल्ली घरी पण शिकता येतं' असं म्हणायला पुढं येऊ नये. त्या वस्तीवर शिकलेलं माणूस एकच असतं, ते सकाळी गाडीवरून येतं आणि पाच वाजता जातं.

फोन करून त्याला हे सांगणारच आहे. पण आधी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पोरीला मैत्रिणी कुठल्या मिळणार मग?