अस्थींचे यांत्रिक संवेदन

अस्थींचे यांत्रिक संवेदन म्हणजे हाडांवर पडणारा भार ओळखून त्याचे जैवरासायनिक संदेशांत रूपांतर करण्याची हाडांतील पेशींची क्षमता होय. या क्षमतेमुळे हाडाचे वस्तुमान व रचना वापरानुसार बदलते. भार वाढल्यास हाड भक्कम होते आणि भार नाहीसा झाल्यास ते झिजते. ज्यांच्यापासून हाड घडवणाऱ्या पेशी तयार होतात, त्या अस्थिमज्जेतील मूलपेशीही यांत्रिक परिस्थितीला प्रतिसाद देतात.

इतिहास

जर्मन शल्यचिकित्सक यूलिउस वोल्फ यांनी १८९२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हाडाची अंतर्गत व बाह्य रचना त्यावरील भारानुसार बदलते, असे प्रतिपादन केले. हे तत्त्व ‘वोल्फचा नियम’ म्हणून ओळखले जाते. मात्र हा भार नेमका कोण ओळखतो, याचे उत्तर त्यातून मिळत नव्हते. विसाव्या शतकात अमेरिकन अस्थिशल्यविशारद हॅरल्ड फ्रॉस्ट यांनी ‘मेकॅनोस्टॅट’ ही संकल्पना मांडली. तिच्यानुसार हाडाचे आकारमान भाराखाली ठरावीक मर्यादेखाली बदलत राहिल्यास हाड काढून टाकले जाते, तर वरची मर्यादा ओलांडल्यास नव्या हाडाची भर पडते.

ऑस्टिओसाइट पेशी

प्रौढ व्यक्तीच्या हाडातील ९० टक्क्यांहून अधिक पेशी ऑस्टिओसाइट प्रकारच्या असतात. हाड घडवणाऱ्या काही ऑस्टिओब्लास्ट पेशी स्वतःच निर्माण केलेल्या द्रव्यात गाडल्या जातात व त्यांचे ऑस्टिओसाइटमध्ये रूपांतर होते. प्रत्येक पेशी एका लहान पोकळीत असते. तिचे लांब तंतू अतिसूक्ष्म नलिकांमधून शेजारच्या पेशींपर्यंत पोहोचतात, त्यामुळे संपूर्ण हाडात पेशींचे सलग जाळे तयार होते.

नेहमीच्या हालचालींत हाडाच्या लांबीत होणारा सापेक्ष बदल साधारणतः ०.२ टक्क्यांहून कमी असतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींकडून प्रतिसाद मिळवण्यासाठी मात्र याच्या अनेक पट ताण द्यावा लागतो. ही विसंगती दूर करण्यासाठी शेल्डन वाइनबाम, स्टीफन काउविन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये द्रवप्रवाहाचा सिद्धांत मांडला. हाड किंचित वाकले की दाबाखालील भागातील द्रव सूक्ष्म नलिकांमधून दुसरीकडे ढकलला जातो. पेशींच्या तंतूंवर या प्रवाहाचे घर्षण होते आणि अल्पसा बदलही पेशीला जाणवतो.

रेणवीय यंत्रणा

पेशीला बाहेरील द्रव्याशी जोडणारी इंटेग्रिन प्रथिने, पेशीचा सांगाडा व पेशीपटलातील आयन मार्गिका या संवेदनात भाग घेतात. पिएझो१ ही मार्गिका पटल ताणले गेल्यास उघडते व कॅल्शियम आयन पेशीत शिरतात. पिएझो मार्गिकांचा शोध आर्डेम पाटापुटियन यांच्या प्रयोगशाळेत लागला व २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पाटापुटियन यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक डेव्हिड ज्युलियस यांच्यासमवेत मिळाले. हाड घडवणाऱ्या पेशींतील पिएझो१ चे जनुक काढून टाकलेल्या उंदरांची हाडे कमकुवत होतात.

ऑस्टिओसाइट पेशी स्क्लेरोस्टिन हे प्रथिन स्रवतात. ते डब्ल्यूएनटी संदेशमार्ग रोखून हाडाची निर्मिती आवरते. भार पडल्यावर त्याचे प्रमाण घटते आणि ऑस्टिओब्लास्ट कामाला लागतात. याउलट, हाड शोषून घेणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींच्या निर्मितीस आवश्यक असणारे आरएएनकेएल हे प्रथिनही ऑस्टिओसाइट पेशीच मोठ्या प्रमाणात पुरवतात. अशा प्रकारे निर्मिती व झीज या दोन्हींचे नियंत्रण त्यांच्याकडे असते.

भाराचे स्वरूप

स्थिर भारापेक्षा बदलता भार अधिक परिणामकारक असतो. क्लिंटन रुबिन व लान्स लॅनियन यांनी १९८४ मध्ये पक्ष्यांच्या पंखातील हाडावर केलेल्या प्रयोगात दररोज भाराची ३६ आवर्तने दिल्यावर हाडात भर पडली, परंतु आवर्तने शेकड्यांनी वाढवूनही त्याहून अधिक लाभ दिसला नाही.

मूलपेशींचा प्रतिसाद

ॲडम एंग्लर, डेनिस डिशर व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अस्थिमज्जेतील मूलपेशी वेगवेगळ्या ताठरपणाच्या पृष्ठभागांवर वाढवल्या. मेंदूच्या ऊतीइतक्या मऊ पृष्ठभागावर त्यांत चेतापेशींची, मध्यम ताठर पृष्ठभागावर स्नायुपेशींची, तर सुमारे २५ ते ४० किलोपास्कल ताठरपणाच्या पृष्ठभागावर अस्थिपेशींची लक्षणे दिसली. पेशीचा आकारही महत्त्वाचा ठरतो : पसरू दिलेल्या मूलपेशी अस्थिपेशींकडे, तर गोलाकार ठेवलेल्या मेदपेशींकडे झुकतात. ताठर पृष्ठभागावर वायएपी व टीएझेड ही प्रथिने पेशीकेंद्रात जाऊन जनुकांचे कार्य बदलतात.

वैद्यकीय महत्त्व

दीर्घकाळ अंथरुणास खिळलेल्या रुग्णांची हाडे भाराअभावी झिजतात. अंतराळ स्थानकावरील दीर्घ वास्तव्यात, पुरेसा व्यायाम न झाल्यास, अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला सुमारे १ ते १.५ टक्क्याने घटते. दंतोपचारात तारांच्या साहाय्याने दात सरकवतानाही हीच यंत्रणा वापरली जाते : दाबाच्या बाजूचे हाड शोषले जाते व ताणाच्या बाजूस नवे तयार होते.

स्क्लेरोस्टिनला निष्क्रिय करणारे रोमोसोझुमॅब हे औषध अस्थिभंगाचा मोठा धोका असलेल्या, रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांतील ऑस्टिओपोरोसिससाठी वापरतात. अमेरिकेत त्यास २०१९ मध्ये मान्यता मिळाली. हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांच्या संभाव्य धोक्याची सूचना त्यासोबत दिलेली असते.

हे सुद्धा पहा

हाड
मूलपेशी
ऑस्टिओपोरोसिस