'काहींच्या दुर्बलतेमुळे' : दक्षिण आफ्रिकेतल्या एका खोट्या शिक्षणाची गोष्ट



हल्ली "खोटे शिक्षक कसे ओळखावेत" या छापाचे व्हिडिओ रोज फोनवर येऊन पडतात. कोणी या पाळकाला पाखंडी ठरवतो, कोणी त्या. सगळ्यांची यादी साधारण एकच. त्रैक्य मानतो का, ख्रिस्ताचं देवत्व मानतो का, पवित्र शास्त्र हे देवाचं वचन मानतो का, आणि दानाच्या नावाखाली किती मागतो. यादी निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. बरेच भोंदू तिच्यात सापडतात. पण या यादीच्या प्रत्येक प्रश्नाला बरोबर उत्तर देऊन, वर्षानुवर्षं लाखो लोकांना शिकवलं गेलेलं एक खोटं शिक्षण मला माहीत आहे. ते शिकवणारे भोंदू नव्हते. विद्वान होते, प्रार्थनाशील होते, शास्त्र मूळ हिब्रू-ग्रीकमधून वाचणारे होते. म्हणून ही गोष्ट सांगावीशी वाटली.

दक्षिण आफ्रिकेतलं डच रिफॉर्म्ड चर्च. सतराव्या शतकात डच लोक केपला उतरले, त्यांच्याबरोबर आलेलं. गोऱ्या आफ्रिकानर समाजाचं हे मुख्य चर्च.

१८२९ मध्ये या चर्चच्या सिनडपुढे प्रश्न आला : प्रभुभोजन गोऱ्यांना आणि काळ्यांना एकत्र द्यायचं की वेगवेगळं? सिनडने स्पष्ट उत्तर दिलं. रंग बघून भेद करायचा नाही, सर्वांना एकत्र. त्या वेळी केपमध्ये गुलामी चालू होती हे लक्षात घ्या. तरीही उत्तर बरोबर होतं.

पुढे १८३४ मध्ये गुलामीबंदी आली. कालपर्यंत जो आपल्या शेतावर गुलाम होता तो आता त्याच बाकावर बसणार, त्याच प्याल्यातून पिणार. खेड्यापाड्यांतल्या गोऱ्या शेतकऱ्यांना हे झेपेना. कुरबुरी वाढत गेल्या आणि १८५७ मध्ये सिनडने नवा ठराव केला. हा ठराव प्रत्येक पाळकाने एकदा तरी अभ्यासावा असं माझं मत आहे. त्याचा पहिला भाग म्हणतो की नवीन विश्वासणाऱ्यांना शक्य तिथे आहे त्याच मंडळीत सामावून घ्यावं, हेच इष्ट आणि शास्त्राला धरून आहे. दुसरा भाग म्हणतो, पण काहींच्या दुर्बलतेमुळे जिथे ख्रिस्ताच्या कार्याला अडथळा होत असेल, तिथे त्यांना वेगळ्या इमारतीत उपासनेची सोय करून द्यावी.

म्हणजे बघा, चूक काय आहे हे त्यांना नीट कळत होतं. एकत्र बसणं शास्त्रानुसार आहे हे त्यांनीच लिहून ठेवलं. फक्त थोडी सवलत दिली. आणि "दुर्बल" हा शब्द कुठून उचलला? पौलाच्या पत्रांतून. पौलाचे दुर्बल म्हणजे कोणतं अन्न खावं, कोणतं खाऊ नये याने मन टोचणारी साधी माणसं. इथे दुर्बल कोण, तर जमीनजुमला असलेले, बंदूकवाले शेतकरी! त्यांच्या दुर्बलतेची काळजी घेण्यासाठी बाकीच्यांनी उठून दुसऱ्या इमारतीत जायचं.

सवलतीची रीत झाली. १८८१ मध्ये मिश्रवंशीय लोकांसाठी, ज्यांना तिथे 'कलर्ड' म्हणत, वेगळं मिशन चर्च निघालं. मग कृष्णवर्णीयांची वेगळी चर्चेस. आणि १९६८ मध्ये भारतीय वंशाच्या लोकांसाठीही वेगळं. हो, आपल्यासाठीसुद्धा. ऊसमळ्यांवर मजूर म्हणून गेलेल्यांची नातवंडं-पतवंडं ख्रिस्ती झाली तर त्यांना बसायला चौथी खोली तयार होती.

आता रीत झाली की तिला तत्त्व लागतं. ते पुढच्या पिढीने पुरवलं. 'अपार्टहाइट', म्हणजे वेगळेपण, या शब्दाचा छापील वापर सुरुवातीला ज्या ठिकाणी सापडतो त्यांत १९२९ च्या क्रूनस्टाटच्या मिशन परिषदेतलं एका पाळकाचं भाषण आहे. राजकारण्याचं नव्हे, पाळकाचं. मग शास्त्रातून आधार शोधले गेले. बाबेलच्या बुरुजापाशी देवाने भाषा वेगळ्या केल्या, म्हणजे राष्ट्रं वेगळी असावीत ही देवाचीच इच्छा. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७, तिथे देवाने राष्ट्रांच्या सीमा ठरवल्या असं आहे, म्हणजे सीमा ओलांडू नयेत. त्याच वचनाच्या सुरुवातीला सगळी माणसं एकापासूनच निर्माण केली असं आहे, ते मात्र पटकन वाचून पुढे जायचं.

१९४८ मध्ये नॅशनल पार्टी निवडून आली. पंतप्रधान झालेले मलान हे स्वतः याच चर्चचे माजी पाळक. त्याच वर्षी चर्चच्या मुखपत्राने अभिमानाने लिहिलं की वर्णभेदाला चर्चचं धोरण म्हणायला हरकत नाही, कारण आम्ही हे आधीपासूनच करत आलोय. यात खोटं काही नव्हतं. गोऱ्या-काळ्यांच्या लग्नावर बंदी घाला अशी मागणी या चर्चने कायदा येण्याआधीच सरकारकडे केली होती. कायदा १९४९ मध्ये आला. मग वस्त्या वेगळ्या, शाळा वेगळ्या, बस वेगळी, समुद्रकिनारा वेगळा.

आणि या सगळ्या काळात दर रविवारी प्रेषितांचा मतांगीकार म्हटला जात होता. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

कोणाला कळलंच नाही असंही नाही. स्टेलनबॉशचे प्राध्यापक केट आणि प्रिटोरियाचे बेन मारे यांनी पन्नाशीच्या दशकातच लिहिलं की वर्णभेदाला शास्त्रात आधार नाही. त्यांना कोणी तुरुंगात टाकलं नाही. नुसतं बाजूला सारलं.

२१ मार्च १९६० ला शार्पव्हिलमध्ये पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या, ६९ माणसं मेली. डिसेंबरमध्ये जोहान्सबर्गच्या कॉटेस्लोला जागतिक चर्च परिषदेने बैठक बोलावली. तिथे या चर्चच्या प्रतिनिधींनीसुद्धा सही केली की ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्या कोणालाही वंशावरून कोणत्याही चर्चमधून वगळता येणार नाही. पंतप्रधान फर्वूर्ट भडकले. पुढच्याच वर्षी सिनडनी आपल्याच प्रतिनिधींना तोंडघशी पाडलं आणि चर्च जागतिक परिषदेतून बाहेर पडलं.

प्रतिनिधींपैकी बहुतेकांनी मान खाली घातली. एकाने घातली नाही. बायर्स नॉदे. हा माणूस आफ्रिकानर समाजाच्या अगदी आतल्या गोटातला. वडील 'ब्रुडरबॉन्ड' या गुप्त संघटनेच्या संस्थापकांपैकी, स्वतःही तिचा सभासद, चर्चमध्ये मोठ्या पदावर. त्याने १९६३ मध्ये ब्रुडरबॉन्ड सोडली आणि वर्णभेदाविरुद्ध काम करणाऱ्या ख्रिश्चन इन्स्टिट्यूटचं संचालकपद घेतलं. चर्चने सांगितलं, पाळकपद किंवा ते काम, एक काय ते निवड. जोहान्सबर्गमधल्या आपल्या श्रीमंत मंडळीपुढे त्याने प्रेषितांची कृत्ये ५:२९ वर उपदेश केला आणि पाळकपद सोडलं. १९७७ मध्ये सरकारने संस्थेवर बंदी घातली आणि त्याच्यावरही निर्बंध लादले. एका वेळी एकापेक्षा जास्त माणसांना भेटायचं नाही. हे सात वर्षं चाललं.

इथपर्यंतची गोष्ट धैर्याची आहे. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती पुढची, एका वर्गातली.

वेस्टर्न केप विद्यापीठ वर्णभेदाच्या कायद्यानेच 'कलर्ड' मुलांसाठी काढलेलं. तिथे याप ड्युरांड नावाचे गोरे प्राध्यापक ईश्वरविज्ञान शिकवत. त्यांनी १९७८ च्या सुमारास वर्गाला प्रश्न घातला : वर्णभेद क्रूर आहे, अन्याय्य आहे, हे सगळं ठीक. पण तो ख्रिस्ती शिक्षण म्हणून चुकीचा आहे, तो नेमका कुठे? मूळ कुठे आहे?

प्रश्न सोपा नाही. क्रूरता दाखवली तर समोरचा म्हणतो, अंमलबजावणीत चुका झाल्या, तत्त्व चांगलं आहे. (आपल्याकडे हे वाक्य कोणत्या कोणत्या विषयांत ऐकू येतं ते तुम्हीच आठवा.) वचनं काढून दाखवली तर तोही वचनं काढतो. त्या वर्गात रसेल बोटमन नावाचा विद्यार्थी होता. त्यांनी शोधलेलं उत्तर असं : वर्णभेदाची सुरुवातच या गृहीतापासून होते की माणसांचा एकमेकांशी समेट होऊ शकत नाही, म्हणून त्यांना वेगळं ठेवलं पाहिजे. आणि शुभवर्तमान तर समेटाचंच आहे. म्हणजे इथे एखादा मुद्दा चुकलेला नाही, पायाच उलटा आहे.

हेच उत्तर त्या वर्षी मिशन चर्चच्या सिनडने उचललं. ज्यांना वेगळ्या इमारतीत पाठवलं होतं, त्यांच्याच चर्चने.

यात एक जुनी आठवण आहे. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल अंत्युखियातला प्रसंग सांगतो. पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. यरुशलेमेहून काही लोक आले तसा तो हळूच बाजूला झाला. पेत्राने शिक्षण बदललं नव्हतं. एक शब्दही चुकीचा बोलला नव्हता. फक्त जेवायची जागा बदलली. आणि पौलाने त्याला चारचौघांत तोंडावर सुनावलं, की ही चाल शुभवर्तमानाला धरून नाही. १८५७ च्या सिनडमध्ये बसलेल्या प्रत्येकाने हा अध्याय कितीदा वाचला असेल!

ऑगस्ट १९८२. रिफॉर्म्ड चर्चेसच्या जागतिक संघाची सभा कॅनडात ओटावाला भरली. दक्षिण आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय प्रतिनिधींनी तिथे प्रभुभोजन घ्यायला नकार दिला. म्हणाले, घरी जे आम्हाला मेजापाशी येऊ देत नाहीत त्यांच्याबरोबर इथे परदेशात कसे बसू? संघाने वर्णभेद हे पाप आहे आणि त्याचं शास्त्रीय समर्थन हे पाखंड आहे असं जाहीर केलं. दोन गोऱ्या चर्चचं सदस्यत्व निलंबित झालं. हकालपट्टी नव्हे, निलंबन, आणि परत येण्याच्या अटी लिहून दिल्या : उपासनेत आणि विशेषतः प्रभुभोजनात कोणालाही वगळायचं नाही, वर्णभेदाने पोळलेल्यांना प्रत्यक्ष मदत करायची, सिनडने वर्णभेद स्पष्ट नाकारायचा. माझ्या मते पाखंडाला उत्तर कसं द्यावं याचा हा नमुना आहे. शिव्या नाहीत, पण गुळमुळीतपणाही नाही.

संघाचे अध्यक्ष म्हणून तिथे मिशन चर्चचे अॅलन बूसाक निवडून आले. त्यांच्याबद्दलही सांगून टाकतो, नाहीतर कॉमेंटमध्ये कोणीतरी सांगेलच. १९९९ मध्ये देणगीच्या पैशांच्या अफरातफरीत बूसाक दोषी ठरले, तुरुंगात गेले, २००५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली. याने वर्णभेद कमी पाखंडी होत नाही. उलट नॉदेला हाकलणारे कित्येक जण पैशाच्या बाबतीत अगदी स्वच्छ असतील. शिक्षण तपासणं वेगळं आणि शिक्षकाची वही तपासणं वेगळं. दोन्ही करावं लागतं, पण एकाचा निकाल दुसऱ्याला लावता येत नाही.

ओटावानंतर दोन महिन्यांत मिशन चर्चचा सिनड केपटाऊनजवळ बेलहारला भरला आणि तिथे एका कबुलीजबाबाचा मसुदा मंजूर झाला. चार वर्षं मंडळ्यामंडळ्यांतून चर्चा करून १९८६ मध्ये तो कायम झाला. त्याची घडण १९३४ च्या जर्मनीतल्या बार्मेन जाहीरनाम्यासारखी आहे. तो हिटलरच्या मागे गेलेल्या चर्चवाल्यांविरुद्ध होता. आम्ही काय मानतो ते आधी, आणि त्यामुळे कोणतं शिक्षण नाकारतो ते नंतर. बेलहारबरोबर एक पत्रही जोडलं होतं. त्यात म्हटलंय की हे कोणा माणसांविरुद्ध नाही, खोट्या शिक्षणाविरुद्ध आहे, आणि आमचे स्वतःचे हातही पूर्ण स्वच्छ नाहीत. मार खाल्लेल्यांनी हे लिहावं, याला काय म्हणायचं!

आपल्याकडे काय? बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ मध्ये दक्षिण भारतातल्या मंडळ्यांना कळवलं की चर्चमध्ये जात पाळणं पूर्ण बंद करा, तडजोड नाही. तंजावर भागात शेकडो लोक चर्च सोडून गेले. संख्या घटली म्हणून विल्सन हटले नाहीत. केपच्या सिनडला हीच भीती होती, आणि तिथे उलटा निर्णय झाला. पण विल्सनच्या पत्राने जात गेली का? गोव्यात कोंफ्रारिया जातवार राहिल्या, कोणाचा झगा कोणत्या रंगाचा यावरून जात कळायची. आणि आपल्या महाराष्ट्रातल्या मंडळ्यांत मुला-मुलींची लग्नं ठरवताना आडनावावरून काय काय विचारलं जातं ते तुम्हाला माहीत आहे. कोणी उपदेशातून जात शिकवत नाही. तसं तर पेत्रही काही शिकवत नव्हता.

डच रिफॉर्म्ड चर्चने १९८६ मध्ये सभासदत्व सर्वांना खुलं केलं. लगेच पुढच्या वर्षी नाराजांनी फुटून गोऱ्यांचं वेगळं चर्च काढलं. १९९० मध्ये रुस्टेनबर्गच्या परिषदेत स्टेलनबॉशचे प्राध्यापक विली योंकर उभे राहिले आणि आपल्या व आपल्या चर्चच्या वतीने त्यांनी पाप कबूल केलं. डेस्मंड टूटूंनी तिथल्या तिथे क्षमा केली. त्यावरून काही कृष्णवर्णीय प्रतिनिधी टूटूंवर नाराजही झाले, की आमच्या वतीने परस्पर क्षमा करणारे हे कोण. १९९४ मध्ये मिश्रवंशीय आणि कृष्णवर्णीय चर्च एकत्र आली. रसेल बोटमन २००७ मध्ये स्टेलनबॉश विद्यापीठाचे कुलगुरू झाले, ज्या स्टेलनबॉशमध्ये मलान आणि फर्वूर्ट शिकले होते.

गोऱ्या चर्चला एकत्र येण्यासाठी अट एकच होती, बेलहार मान्य करा. गेल्या दशकात त्यांनी त्यावर मतदान घेतलं. दोन तृतीयांश मतं हवी होती. पडली नाहीत. प्रभुभोजन आता कोणालाही नाकारलं जात नाही, पण चर्च अजून वेगवेगळीच आहेत.