गच्चीवरून न्हाणीघरात

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या आत्याचा महिन्यातला एक रविवार ठरलेला असे. दुपारची जेवणं झाली की ती न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावायची आणि तासाभराने काळेभोर केस घेऊन बाहेर यायची. कानामागे एखादा काळा डाग राहिलेला असे. तो सगळ्यांना दिसे, पण त्याबद्दल कोणी बोलत नसे. घरच्या घरी केस रंगवणं हे दार लावून करायचं काम आहे, हे आम्ही मुलं कोणी न शिकवता शिकलो. पुढे या विषयावर वाचू लागलो तेव्हा कळलं, की हे दार काही फार जुनं नाही. आणि आत्याच्या डब्यात जी दुसरी, पाण्यासारखं द्रावण असलेली बाटली असे, तिने केसांच्या दुनियेत पाऊल ठेवलं ते केस काळे करण्यासाठी नव्हे, तर सोनेरी करण्यासाठी.

सोळाव्या शतकातल्या व्हेनिसमध्ये चला. चेझारे वेचेल्लिओ हा चित्रकार टिशियनच्या नात्यातला. त्याने १५९० साली देशोदेशींच्या वेशभूषांवर एक सचित्र पुस्तक छापलं. त्यात केस सोनेरी करत बसलेल्या व्हेनिसच्या बाईचंही चित्र आहे. तिथल्या घरांच्या छपरांवर लाकडी माच्या असत, त्यांना ‘आल्ताना’ म्हणत. ऐन उन्हाच्या वेळी बायका तिथे जाऊन बसत. डोक्यावर गवताची रुंद काठाची टोपी, पण तिला माथाच नसे. त्या भोकातून केस वर ओढून काठावर पसरायचे, म्हणजे तोंड सावलीत आणि केस उन्हात. हातात काठीला बांधलेला स्पंज. तो द्रावणात बुडवायचा, केस ओले करायचे, वाळू द्यायचे, पुन्हा ओले करायचे. असे तासन्‌तास! आपल्याकडे बायका गच्चीवर पापड वाळत घालून राखण करत बसतात, तशातलाच हा प्रकार. फरक इतकाच, की इथे वाळवण त्यांच्या डोक्यावरच होतं. शेजारच्या छपरावरून सगळं दिसत असे, आणि त्याची चोरी कोणालाच वाटत नसावी. नाहीतर ते छापील पुस्तकात आलंच नसतं.

त्या काळच्या पाककृतींत राखेचं क्षारयुक्त पाणी, तुरटी, मध असे पदार्थ येतात. यात नुसतीच भोळी समजूत नव्हती. केसाचा रंग मेलॅनिन या द्रव्यामुळे असतो आणि ते केसाच्या आत असतं. क्षाराने केस फुगतो, त्यावरचे खवले उघडतात. उन्हातले अतिनील किरण मेलॅनिन मोडतात. मध पाण्यात कालवला की त्यातल्या एका विकरामुळे हायड्रोजन पेरॉक्साइड अगदी अल्प प्रमाणात तयार होतं. व्हेनिसच्या बायकांना यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यांना फक्त एवढं दिसत होतं, की केस पिवळे होतात. ते राठ होऊन तुटतात, हेही दिसत असणार. ही किंमत त्याहून जुनी आहे. ओव्हिड या रोमन कवीची एक कविता रंगवून रंगवून केस गमावलेल्या प्रेयसीला उद्देशून आहे. आता पराभूत जर्मनांच्या केसांचा टोप घाल, असं तो तिला ऐकवतो. टोमणा बोचरा आहे, पण त्याच्या तळाशी रसायनशास्त्रच आहे. मेलॅनिन मोडणारी गोष्ट केसालाही सोडत नाही.

१८१८ साली पॅरिसमध्ये लुई-जाक तेनार या रसायनशास्त्रज्ञाने हायड्रोजन पेरॉक्साइड तयार केलं. केसांपर्यंत पोचायला त्याला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात लंडनचे रसायनतज्ज्ञ थिएले आणि पॅरिसचे केशभूषाकार ह्यूगो यांनी ते केसांवर वापरून दाखवलं. आता ऊन नको, छप्पर नको. एक बाटली आणि बंद खोली पुरे! माझ्या मते या इतिहासातलं खरं वळण हे आहे. काम झटपट झालं, हे तर खरंच. पण ते लपवता येऊ लागलं. आणि लपवता येऊ लागल्यावर ते लपवण्याजोगं ठरलं. ‘पेरॉक्साइडवाली’ ही इंग्रजीत जवळजवळ शिवी झाली.

१९३१ च्या ‘प्लॅटिनम ब्लाँड’ या चित्रपटाने जीन हार्लोचे रुपेरी केस जगभर पोचवले आणि अमेरिकेत घरोघरी त्या छटेची नक्कल सुरू झाली. तिच्या केशभूषाकाराने पुढे सांगितलेल्या मिश्रणात पेरॉक्साइड, अमोनिया, कपडे पांढरे करण्याचं द्रावण आणि साबणाचा चुरा होता. त्यातलं ते कपड्यांचं द्रावण आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइन हा विषारी वायू निघतो. कोणी चुकूनही हे करून पाहू नये. १९३७ मध्ये हार्लो अवघ्या सव्विसाव्या वर्षी गेली, तेव्हा केसांच्या औषधाने मेली अशी आवई उठली. प्रत्यक्षात तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती.

शर्ली पॉलिकॉफ ही न्यूयॉर्कची जाहिरात-लेखिका स्वतः पंधराव्या वर्षापासून केस सोनेरी करत असे. लग्नाआधी होणाऱ्या सासूबाईंना भेटून परतल्यावर तिने जॉर्जला, म्हणजे भावी नवऱ्याला, खोदून विचारलं, ‘आई काय म्हणाल्या?’ सासूबाईंनी यिद्दिश भाषेत एवढंच विचारलं होतं : ही केस रंगवते, की नाही रंगवत? तो प्रश्न शर्लीच्या मनात घर करून राहिला. १९५६ साली ‘मिस क्लेरॉल’ घरी वापरण्यासाठी बाजारात आलं, तेव्हा तिने जाहिरातीचा मथळा म्हणून तोच प्रश्न वापरला. ‘लाइफ’ साप्ताहिकाने त्यात द्व्यर्थ पाहून ती आधी नाकारली होती. सासूचा खवचट प्रश्न सुनेने असा बाजारात चालवला! पण बघा, जाहिरातीचं सारं आश्वासन काय, तर कोणाला कळणार नाही.

आता आत्याची बाटली. १८८३ मध्ये फ्रान्समध्ये पॅरा-फेनिलीनडायअमीन हे द्रव्य पेरॉक्साइडबरोबर केसांना लावण्याचं पेटंट घेतलं गेलं. काळ्या रंगाच्या बहुतेक आधुनिक डब्यांत आजही हीच जोडी किंवा तिची भावंडं असतात. काहींना याची जोरदार ॲलर्जी येते, म्हणून दोन दिवस आधी त्वचेवर थेंब लावून पाहायची सूचना डब्यावर असते. ती वाचावी. पेरॉक्साइड इथे दोन कामं करतं. नवा रंग केसाच्या आत पक्का करतं आणि जाता जाता केसाचा मूळ काळा रंग थोडा खाऊन टाकतं. काळा केस फिकट होताना आधी लालसर, मग नारिंगी, मग पिवळा होतो. घरी केस सोनेरी करायला बसलेली कॉलेजातली मुलं नारिंगीवर अडकतात, ती यामुळेच.

आत्याच्या वेणीची टोकंही तांबूस दिसायची. ‘बोअरच्या पाण्यानं होतं,’ ती म्हणायची, आणि आम्ही मान डोलवायचो.